वर्षावनातील महावृक्ष कोठे वाढू शकतात : परिस्थितीचे मॉडेल पहिल्यांदाच उभारणाऱ्यांसाठी

लायडारच्या (विमानातून लेझरचे किरण सोडून उंची मोजण्याच्या तंत्राच्या) माहितीत मला सापडलेला पहिला ‘महावृक्ष’ ११७ मीटर उंच निघाला. दोन दिवस मी त्या आनंदात काढले. तिसऱ्या दिवशी त्या जागेचा उभा छेद काढून पाहिला, तेव्हा जंगलाचे छत्र साठ मीटरच्या आसपास संपत होते आणि त्याच्या कितीतरी वर, मध्ये काहीच नसताना, एकुलता एक बिंदू तरंगत होता. विमान जात असताना एखादा पक्षी लेझरच्या वाटेत आला असावा. तोवर त्या पक्ष्याच्या आधाराने मी पाऊस, माती आणि वारा यांचे बरेच गणित मांडून बसलो होतो. ही आणि अशा इतर चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत, यासाठी हे टिपण लिहीत आहे. उदाहरणे मुख्यत्वे ॲमेझॉनमधील आहेत. तथापि बोर्निओ किंवा आफ्रिकेतील वर्षावनांसाठीही पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

आरंभीच एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढील बहुतेक निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. जंगलाची सरासरी उंची ज्या घटकांमुळे वाढते, त्याच घटकांमुळे त्या जंगलात महावृक्ष उभे राहतात असे नाही. २०१९ मध्ये ईशान्य ॲमेझॉनमधील जारी नदीच्या खोऱ्यात डिनिझिया एक्सेल्सा या जातीचे ८८.५ मीटर उंचीचे झाड असल्याचे जाहीर झाले. ॲमेझॉनमधील तुलनेने तरुण व सुपीक माती पश्चिमेकडे, अँडीजच्या पायथ्याकडील भागात आहे. महावृक्ष मात्र गयाना ढालीच्या, म्हणजे ईशान्येकडील जुन्या खडकांच्या प्रदेशातील, प्राचीन, झिजलेल्या आणि पोषकद्रव्यांच्या दृष्टीने गरीब जमिनीवर सापडले. पश्चिमेकडे झाडे भराभर वाढतात आणि लवकर मरतातही. ईशान्येकडे लाकूड घट्ट, वाढ संथ आणि मृत्यूचे प्रमाण कमी. म्हणजे येथे ‘झाड किती वेगाने वाढते’ या प्रश्नाइतकाच ‘झाड किती काळ न मोडता उभे राहते’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मॉडेलमध्ये केवळ वाढीचे घटक घातले, तर उत्तराचा निम्मा भाग आपण आधीच वगळलेला असतो.

## काय काय लागेल

- १६ जीबी मेमरी असलेला संगणक; लायडारच्या फायली स्वतः हाताळायच्या असतील तर ३२ जीबी आणि भरपूर मोकळी डिस्क.
- नकाशे पाहण्यासाठी क्यूजीआयएस आणि विश्लेषणासाठी आर किंवा पायथन ही प्रोग्रामिंग भाषा. आरमध्ये लायडारसाठी ‘लिडआर’, रास्टरसाठी (पिक्सेलच्या नकाशांसाठी) ‘टेरा’ आणि अवकाशीय पडताळणीसाठी ‘ब्लॉकसीव्ही’ व ‘कास्ट’ ही पॅकेजेस आधीच बसवून घ्या.
- उंचीची माहिती : हवाई लायडार, आणि जोडीला उपग्रहीय लायडार.
- पर्यावरणीय थर : पाऊस, तापमान, ढग, वारा, विजा, माती, भूरूप.
- एक साधी वही किंवा मजकुराची फाइल, ज्यात प्रत्येक थर कोठून घेतला, कोणत्या तारखेला उतरवला, त्याची आवृत्ती कोणती आणि पिक्सेल केवढा, हे लिहाल. ही नोंद कंटाळवाणी वाटते. पण सहा महिन्यांनी ‘पाऊस_अंतिम_२’ नावाच्या फाइलकडे पाहताना तिचे मोल कळते.

## पायरी १ : ‘महावृक्ष’ म्हणजे काय, हे आकड्यात ठरवा

ॲमेझॉनमध्ये ७० मीटर ही मर्यादा सोयीची आहे. बोर्निओत डिप्टेरोकार्प कुळातील झाडे याहून बरीच उंच जात असल्यामुळे तेथे ती वर न्यावी लागेल. मर्यादा ठरली की अभ्यासाचा प्रदेश समान चौकटींत विभागायचा आणि प्रश्नाचे रूप निवडायचे : ‘या चौकटीत ७० मीटरहून उंच झाड असण्याची शक्यता किती’ की ‘या चौकटीतील सर्वांत उंच झाड किती मीटरचे’? दोन्ही योग्य आहेत, परंतु त्यांची पद्धत आणि पडताळणी वेगळी असते. निवड आधी करा. निकाल पाहून करू नका.

येथे पहिला सापळा आहे. कमाल उंची ही पाहणीच्या क्षेत्रफळाबरोबर वाढते. एक हेक्टर पाहिले तर ५५ मीटरचे झाड सापडेल, त्याच जंगलाचे शंभर हेक्टर पाहिले तर कदाचित ७० मीटरचे. जंगल बदललेले नसते, आपण अधिक चिठ्ठ्या उचललेल्या असतात. म्हणून सर्व चौकटी समान क्षेत्रफळाच्या ठेवा, आणि ज्या चौकटीचा थोडाच भाग लायडारने व्यापला आहे ती वगळा.

## पायरी २ : उंचीची माहिती मिळवा आणि तिच्यावर संशय घ्या

ब्राझीलच्या राष्ट्रीय अवकाश संशोधन संस्थेच्या प्रकल्पात ॲमेझॉनवर शेकडो हवाई पट्ट्यांची लायडार पाहणी झाली. प्रत्येक पट्टी १२.५ किलोमीटर लांब आणि ३०० मीटर रुंद, म्हणजे ३७५ हेक्टरांची. पट्ट्यांच्या जागा सोडतीने ठरवल्या होत्या हा या माहितीचा मोठा गुण आहे, कारण ‘जेथे उंच झाडे आहेत असे वाटते तेथेच पाहिले’ हा दोष तिच्यात नाही.

जेथे हवाई पाहणी नाही, तेथे गेडीचा आधार घेता येतो. डिसेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे पाठवलेले हे लेझर उपकरण साधारण २५ मीटर व्यासाच्या वर्तुळातील उंची मोजते, आणि एकाच रेषेतील दोन वर्तुळांत सुमारे ६० मीटरांचे अंतर असते. वर्तुळ मोठे असल्यामुळे उताराची अडचण येते : ३० अंशांच्या उतारावर त्या वर्तुळाच्या वरच्या आणि खालच्या कडेतच १४ मीटरहून अधिक फरक पडतो, आणि तो फरक झाडाच्या उंचीत मिसळू शकतो. तीव्र उतारावरची गेडीची वर्तुळे मी सरळ काढून टाकतो.

उपग्रहाच्या छायाचित्रांवरून बनवलेले जागतिक उंची नकाशे दिसायला फार मोहक असतात, पण महावृक्षांच्या कामासाठी ते वापरू नका. छायाचित्राला वरचा पृष्ठभाग दिसतो. दाट जंगलात एका उंचीनंतर त्याचा रंग आणि पोत फारसा बदलत नाही, त्यामुळे सर्वांत उंच झाडे हटकून बुटकी दाखवली जातात. आपल्याला हवे तेच नेमके त्यांत पुसले गेलेले असते.

## पायरी ३ : प्रत्येक उमेदवार झाड डोळ्यांनी पाहा

पॉइंट क्लाउडमधून (लेझर परतलेल्या सर्व बिंदूंच्या संचातून) जमिनीचे बिंदू वेगळे करा, एक मीटर पिक्सेलचा छत्र-उंचीचा नकाशा बनवा आणि त्यावरील स्थानिक शिखरे शोधा. हे काम लिडआर काही ओळींत करून देते. त्यानंतरचे काम मात्र संगणकावर सोपवू नका. मर्यादेहून उंच आलेल्या प्रत्येक शिखराचा वीस-तीस मीटर रुंदीचा उभा छेद काढून पाहा. तपासण्यासारख्या तीन गोष्टी आहेत.

एक, शिखराखाली झाडाचा डेरा आहे का? खऱ्या झाडाचे बिंदू वरपासून खालपर्यंत गर्दीने येतात. पक्षी, ढग किंवा धुके यांचे बिंदू एकटे किंवा विस्कळीत असतात.

दोन, जमीन खरोखर सापडली आहे का? दाट छत्रातून फार थोडे लेझर किरण तळापर्यंत पोहोचतात. जमिनीचे बिंदू विरळ असले, तर संगणक दूरच्या दोन बिंदूंमध्ये सरळ पृष्ठभाग ताणतो, आणि मधला उंचवटा गायब होऊन झाड विनाकारण उंच ठरते.

तीन, झाड दरीच्या काठावर आहे का? काठावर उभ्या असलेल्या झाडाचा शेंडा दरीवर झुकलेला असेल, तर संगणक शेंड्याची उंची थेट खालच्या दरीच्या तळापासून मोजतो. पन्नास मीटरचे झाड असे सहज सत्तरीत जाते. माझ्या पहिल्या यादीतून सर्वाधिक नावे याच कारणाने खोडली गेली.

## पायरी ४ : पर्यावरणाचे थर जमवा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या.

पाणी. महावृक्षाला पाणी वर चढवताना गुरुत्वाकर्षणाशीच झुंजावे लागते. दर मीटरमागे सुमारे ०.०१ मेगापास्कल, म्हणजे शंभर मीटरवरच्या पानासाठी वातावरणीय दाबाच्या जवळजवळ दहापट ओढ, आणि तीही पाणी हलू लागण्याआधी. म्हणून वार्षिक पावसापेक्षा कोरडा काळ किती लांबतो हे अधिक बोलके असते. त्यासाठी संचित जलतूट काढा. वर्षावन महिन्याला साधारण १०० मिलिमीटर पाणी बाहेर टाकते असे धरतात. ओलसर काळानंतर सलग तीन महिने ६०, ४० आणि ८० मिलिमीटर पाऊस झाला, तर तूट आधी ४०, मग १००, मग १२० होते. वर्षातील अशी सर्वांत मोठी तूट हा तुमचा आकडा. मासिक पावसासाठी चर्प्स हा १९८१ पासूनचा, ०.०५ अंश पिक्सेलचा संच सोयीचा आहे. वर्ल्डक्लिम या जागतिक हवामान संचाचे १९ जैव-हवामान निर्देशांक सर्वांना ठाऊक असतात, पण ते १९७० ते २००० या काळातील सरासरीवर आधारलेले आहेत आणि हवामान केंद्रे विरळ असलेल्या भागांत मधली जागा गणिताने भरलेली आहे, हे ध्यानात ठेवा.

प्रकाश. विषुववृत्ताजवळ सूर्य कमी पडत नाही, ढग आड येतात. त्यामुळे तापमानाबरोबर ढगांच्या आच्छादनाचा किंवा निरभ्र दिवसांचा थर अवश्य घ्या.

वारा आणि विजा. नवोदितांच्या मॉडेलांत हाच भाग बहुधा गळतो. २,८२,७५० हेक्टरांच्या लायडार पाहणीवर आधारलेल्या २०२१ मधील ब्राझीलच्या अभ्यासात महावृक्षांच्या विस्तारामागे वारा आणि प्रकाश यांचा वाटा पाऊस व तापमान यांच्याइतकाच असल्याचे आढळले. वाऱ्यासाठी ईआरए५-लँड हा संच आहे, त्याचा पिक्सेल सुमारे ९ किलोमीटरचा. मात्र झाडे पाडतो तो सरासरी वारा नव्हे, तर वादळी ढगातून अचानक खाली कोसळणारा झोत. जानेवारी २००५ मध्ये ॲमेझॉन ओलांडून गेलेल्या एका वादळी पट्ट्याने असंख्य झाडे आडवी केली. वर्षाच्या सरासरीत अशा दिवसाचा मागमूस उरत नाही. शिवाय ९ किलोमीटरच्या पिक्सेलला दरीचा आडोसा दिसत नाही. बोर्निओच्या डानम खोऱ्यातील १०० मीटरहून उंच असलेले मेनारा हे झाड वाऱ्यापासून सुरक्षित अशा उतारावर उभे आहे. म्हणून भूरूपावरून आडोशाचा एक निर्देशांक स्वतः काढा : प्रत्येक दिशेला क्षितिज किती अंश वर उठलेले आहे, याची बेरीज केली तरी पहिल्या प्रयत्नाला पुरते.

विजेकडे मीही सुरुवातीला दुर्लक्ष केले होते. पनामातील बारो कोलोराडो बेटावर ६० सेंटिमीटरहून जाड झाडांच्या मृत्यूंपैकी सुमारे ४० टक्के मृत्यू विजेमुळे होतात, हे वाचल्यावर तो थर घातला. ट्रम उपग्रहावरील उपकरणाने १९९७ नंतर गोळा केलेल्या विजांच्या सरासरीचे नकाशे मिळतात. गंमत अशी की त्याच बेटावर डिप्टेरिक्स ओलिफेरा या उंच झाडाला वीज पडण्याचा फायदाच होतो : ते स्वतः तगते आणि शेजारची झाडे व अंगावरच्या वेली मरतात. एकाच घटकाचा परिणाम जातीनुसार उलटू शकतो, तो असा.

माती. सॉइलग्रिड्स या जागतिक मातीच्या नकाशांचे २५० मीटर पिक्सेलचे थर सहज उतरवता येतात. पण दुर्गम वर्षावनात प्रत्यक्ष मातीचे नमुने फार थोडे आहेत. तेथील मातीचा नकाशा हाच मुळी हवामान, भूरूप आणि उपग्रहीय माहितीवरून केलेला अंदाज आहे. तुमच्या मॉडेलने ‘चिकणमाती महत्त्वाची’ असे सांगितले, तर ती खरोखर माती बोलते आहे की मातीच्या वेषातला पाऊस, हे विचारायला हवे.

भूरूप. या लेखातील एकच सूचना लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. फेब्रुवारी २००० मधील एसआरटीएमचा (अवकाशयानातील रडारने केलेल्या पाहणीचा) उंची नकाशा हा जंगलात जमिनीचा नकाशा नसतो. त्याचे रडार दाट पानोऱ्यात अर्ध्यावरच परतते, त्यामुळे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत झाडांची उंची मिसळलेली असते. तो थर तसाच घातला, तर तुम्ही झाडाच्या उंचीवरून झाडाची उंची ओळखत असता, आणि मॉडेल फारच हुशार भासते. जंगल वजा केलेला नकाशा वापरा, आणि त्यावरून उतार, आडोसा व जवळच्या प्रवाहापासूनची उभी उंची काढा. ही शेवटची उंची भूजल किती खोल असेल याची चांगली खूण असते.

## पायरी ५ : सर्व एका तक्त्यात आणा

सर्व थर एकाच निर्देशक प्रणालीत आणून चौकटींवर सरासरी काढा. ज्या दोन घटकांचा परस्परसंबंध ०.७ हून अधिक आहे, त्यांतील एक ठेवा, आणि तो ठेवण्याचे कारण जैविक असू द्या.

तक्त्यात दहा हजार ओळी दिसल्या म्हणून हुरळून जाऊ नका. एक हवाई पट्टी १२.५ किलोमीटरची आणि वाऱ्याचा पिक्सेल ९ किलोमीटरचा. म्हणजे एका पट्टीतील सर्व ओळींना मिळून वाऱ्याची दोन-तीनच मूल्ये मिळतात. वाऱ्यापुरती तुमची खरी निरीक्षणे ओळींइतकी नव्हे, पट्ट्यांइतकी आहेत.

## पायरी ६ : मॉडेल निवडा

‘आहे की नाही’ या प्रश्नासाठी मॅक्सएंट किंवा साधे लॉजिस्टिक मॉडेल (दोन्ही शक्यता सांगतात), आणि ‘किती मीटर’ यासाठी रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांच्या उत्तरांची सरासरी घेणारी पद्धत), अशी सुरुवात करता येते. मात्र रँडम फॉरेस्ट हे सरासऱ्यांचे यंत्र आहे. शिकताना पाहिलेल्या कमाल उंचीच्या वर ते कधीच जात नाही, आणि टोकाची मूल्ये मध्याकडे ओढते. ज्याला टोकांचाच अभ्यास करायचा आहे त्याने क्वांटाइल पद्धत वापरावी : सरासरी उंचीऐवजी ९५ व्या शतमानाचा अंदाज मागावा. मी दोन्ही शेजारी शेजारी चालवतो, आणि कोणता घटक एकात पुढे व दुसऱ्यात मागे आहे ते पाहतो. आरंभी सांगितलेला वाढ आणि तग यांतला फरक येथे स्वतःच्या माहितीत दिसू लागतो.

## पायरी ७ : पडताळणी करताना स्वतःला फसवू नका

ओळी यदृच्छेने निवडून ८० टक्के शिकण्यासाठी आणि २० टक्के तपासणीसाठी ठेवणे ही पाठ्यपुस्तकी रीत येथे चालत नाही. तपासणीच्या चौकटीपासून शंभर मीटरवरची चौकट शिकण्याच्या गटात असते, आणि मॉडेल नियम न शिकता शेजार पाठ करते. त्याऐवजी पूर्ण पट्ट्या, किंवा शेकडो किलोमीटरचे गट, बाजूला ठेवा. गुण धाडकन उतरतील. माझे इतके उतरले की प्रोग्राममध्ये चूक असावी असे समजून मी आठवडाभर शोधत बसलो. चूक नव्हती, आधीचेच गुण खोटे होते.

महावृक्ष दुर्मिळ असल्यामुळे एकूण अचूकता निरर्थक ठरते. शंभरातील एकाच चौकटीत महावृक्ष असेल, तर ‘कोठेच नाही’ म्हणणारे मॉडेलही ९९ टक्के बरोबर येते. ‘आहे’ म्हटलेल्या चौकटींपैकी कितींत ते खरोखर निघाले, आणि खऱ्यांपैकी किती सुटले, हे दोन आकडे वेगवेगळे नोंदवा.

## पायरी ८ : नकाशा वाचा, आणि कोठे थांबायचे ते ठरवा

प्रत्येक घटकाचा परिणाम-आलेख, म्हणजे तो घटक बदलला की मॉडेलचा अंदाज कसा बदलतो याचा आलेख, काढा. पण आलेखाच्या कडेला, जेथे निरीक्षणे तुरळक आहेत, तेथील चढ-उतारांवरून कथा रचू नका. नकाशाच्या ज्या भागातील परिस्थिती तुमच्या माहितीत कोठेच आढळत नाही, तो भाग करडा रंगवा. कास्टमध्ये त्यासाठी सोय आहे.

नकाशा अनुकूलता दाखवतो, झाड नव्हे. परिस्थिती अनुकूल असूनही महावृक्ष नसण्याची दोन साधी कारणे असतात : तितकी उंची गाठणारी जात तेथे पोहोचलेलीच नसते, किंवा गेल्या काही शतकांत तेथे तोड, आग वा वादळ होऊन गेलेले असते. संरक्षित क्षेत्र आखणाऱ्यांच्या हाती नकाशा देताना हे त्यावरच लिहा.

## पायरी ९ : झाडापर्यंत जाण्याची तयारी

जारी खोऱ्यातील ८८.५ मीटरच्या त्या झाडापाशी संशोधक सप्टेंबर २०२२ मध्ये पोहोचले, म्हणजे त्याचा शोध जाहीर झाल्यानंतर तीन वर्षांनी, आणि तेव्हा त्याचा घेर ९.९ मीटर भरला. तुमच्या उमेदवाराला इतका विलंब लागणार असेल, तर लायडारच्या तारखेपासून झालेली वर्षे आणि त्या काळात झाड पडले असण्याची शक्यता दोन्ही हिशोबात धरा. परवानग्या आधी, स्थानिक रहिवाशांशी बोलणे त्याहूनही आधी. अचूक अक्षांश-रेखांश प्रसिद्ध करू नका; ०.१ अंशापर्यंत, म्हणजे सुमारे ११ किलोमीटरपर्यंत, ढोबळ केलेले स्थान इतर अभ्यासकांना पुरते आणि करवतवाल्यांना पुरत नाही.

मोजताना लेझर यंत्रावर विसंबू नका, कारण खालून खरा शेंडा क्वचितच दिसतो. मेनाराची १००.८ मीटर उंची जानेवारी २०१९ मध्ये उंडिंग जामी यांनी वर चढून सोडलेल्या टेपने निश्चित झाली. आणि टेपचे खालचे टोक कोठे धरले ते लिहून ठेवा : उतारावरील झाडाच्या आधारमुळांची वरची आणि खालची बाजू यांत काही मीटरांचा फरक असतो, तुमची नोंद खालच्या बाजूची आहे की मध्याची हे कळल्याशिवाय तिची लायडारच्या आकड्याशी तुलना करता येणार नाही.